वाघ गवतात हरवला, आता काय करू?

गेल्या अंकात पाणवठ्यावरच्या हत्तींचा एक कृष्णधवल फोटो छापला आणि पत्रांची रीघ लागली. काहींना तो आवडला, काहींनी ‘रंगीत का नाही छापला?’ म्हणून मला फैलावर घेतलं, आणि उरलेल्यांनी आपापले फोटो पाठवून ‘हा काळापांढरा करू का?’ असं विचारलं. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही. ज्यात इतरांच्याही उपयोगाचं काही आहे अशी पत्रं घेतली आहेत.

प्रश्न : ताई, वाघाचे चार फोटो पाठवतोय. पहिला माझा लाडका. रंगीत असताना झकास दिसतो : नारिंगी वाघ आणि भोवती गवत. पण कॉम्प्युटरवर ब्लॅक अँड व्हाइटचं बटण दाबलं की वाघ गवतात हरवतो. पट्टे तेवढे दिसतात. माझं कुठे चुकतंय?

उत्तर : तुमचं काही चुकलेलं नाही, आणि बटणाचंही नाही. त्याने त्याचं गणित चोख केलं आहे. ते गणित एकदा समजून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी बटण दाबायच्या आधीच निकाल कळेल.

रंगीत फोटोतल्या प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे असतात, शून्यापासून २५५ पर्यंत. साधं रूपांतर या तिघांची एक बेरीज करतं. सर्रास वापरलं जाणारं प्रमाण साधारण असं : लालाचे ३० टक्के, हिरव्याचे ५९, निळ्याचे ११. हिरव्याला एवढा मान, कारण आपल्या डोळ्याला उजेड सर्वात जास्त हिरव्यातूनच जाणवतो. आता तुमचा फोटो. मी तो उघडून रंग मोजायचं टोक वाघाच्या खांद्यावर टेकवलं : लाल २००, हिरवा १३०, निळा ६०. शेजारच्या वाळक्या गवतावर टेकवलं : १७०, १५०, ९०. बेरीज मांडा. वाघ १४३, गवत १४९. फरक फक्त सहाचा, आणि तोही गवताच्या बाजूने! नारिंगी आणि पिवळा हे रंग वेगळे आहेत म्हणून तुम्हाला वाघ दिसत होता. उजेडाच्या हिशेबात दोघं जवळजवळ एकच होते.

तेव्हा एका बटणावर विसंबू नका. रंगांचे वेगवेगळे स्लायडर, म्हणजे एकेक रंग उजळ-गडद करायच्या सरकपट्ट्या, उघडा. डाव्या कोपऱ्यात थोडं ओलं, हिरवं गवत आहे. तिथले आकडे ११०, १५०, ६०. तिथे लाल ११० आणि वाघाच्या अंगावर २००. म्हणजे नारिंगी उजळला आणि हिरवा-पिवळा उतरवला की त्या कोपऱ्यात वाघ झटकन सुटा होतो. एक गोष्ट अनेकांना चकवते : पानं आपल्याला हिरवी दिसतात, पण कॅमेऱ्याच्या लेखी ती बरीचशी पिवळ्यात मोडतात. हिरवा स्लायडर ओढून काहीच हललं नाही, तर पिवळा ओढून बघा.

वाळक्या गवताशी मात्र भांडण जिंकता येणार नाही. त्याचा लाल १७० आहे, वाघाचा २००. दोन इतके जवळचे रंग ताणून तोडायला गेलात की वाघाच्या पाठीच्या कडेने पांढरी रेघ उमटते आणि गवतावर डाग पडायला लागतात. तुमच्या दुसऱ्या प्रयत्नात नेमकं तेच झालंय. फोटो शंभर टक्के मोठा करून कानामागे बघा.

आता जो फोटो तुम्ही ‘असाच पाठवतोय, विशेष नाही’ म्हणून शेवटी जोडलात, त्याच्याकडे या. वाघ वळतोय, मागे झाडीची दाट सावली आहे, आणि मागून येणारं ऊन त्याच्या मिशांवर, कानाच्या कडेवर आणि पाठीच्या केसांवर थांबलं आहे. रंगात हा फोटो मळका वाटतो, कारण नारिंगी रंग सावलीत आहे. रंग काढा, आणि तो फोटो उभा राहतो. तिथे वाघाला मागच्या अंधारापासून उन्हाने वेगळं केलंय, रंगाने नाही. माझी सगळी निवड याच एका गोष्टीवर होते. फोटो काढतानाच डोळे किलकिले करून बघायची सवय लावा. रंग पुसट होतात आणि उजेड-अंधाराचे ढोबळ तुकडे तेवढे उरतात. त्या तुकड्यांत प्राणी सापडला तर फोटो काळापांढरा होईल. नाही सापडला तर रंगीतच ठेवा, त्यात कमीपणा नाही.

जाता जाता : हरणांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात, आपल्यासारख्या तीन नाहीत. नारिंगी आणि हिरवा त्यांना वेगळा काढता येत नाही. तुमच्या पहिल्या फोटोत वाघ जसा गवतात विरघळला, जवळपास तसाच तो चितळाला विरघळलेला दिसतो. वाघाचं पोट त्यावरच चालतं.

प्रश्न : पिंगळ्याचा फोटो कृष्णधवल केल्यावर त्याचे डोळे आंधळ्यासारखे पांढरे दिसू लागले. मूळ फोटोत ते सुंदर पिवळे आहेत.

उत्तर : पानं उजळायला पिवळा स्लायडर वर नेलात ना? त्याने पानांबरोबर डोळेही उजळले. बुबुळाचा पिवळा पांढऱ्याला जाऊन टेकला आणि डोळ्यातली ऊन्हाची चमक, जिच्यामुळे डोळा जिवंत वाटतो, त्यात बुडाली. डोळ्यांपुरता मास्क लावा (म्हणजे बदल तेवढ्याच भागावर होईल), तिथला पिवळा खाली आणा, बुबुळ मधल्या करड्यावर थांबवा. मग काळी बाहुली, करडं बुबुळ आणि चमकेचा पांढरा ठिपका असे तीन थर पुन्हा सुटे होतील. बिबट्याचे, गरुडाचे डोळे करतानाही हेच. रंगीत फोटोत पिवळा डोळा आपोआप नजर खेचतो. इथे ते काम त्या एका ठिपक्यावर येतं. तो ठिपका मुळातच नसेल तर मी सहसा फोटो बाजूला ठेवते.

प्रश्न : कॅमेऱ्यातच मोनोक्रोम मोड लावून काढावं की नंतर बदलावं?

उत्तर : दोन्ही. कॅमेरा मोनोक्रोमवर आणि फाइल रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेलं सगळं जसंच्या तसं ठेवणारी. कॅमेरा मिररलेस (आत आरसा नसलेला) असेल तर व्ह्यूफाइंडरमध्येच जग काळंपांढरं दिसतं आणि किलकिल्या डोळ्यांचे कष्ट वाचतात. रॉ फाइलमध्ये सगळे रंग शाबूत राहतात. फक्त जेपेग ठेवलंत तर रंग गेले ते गेले, आणि वर सांगितलेला एकही स्लायडर कामाचा उरत नाही.

प्रश्न : कावळा काढला की धुरकट करडा येतो. बगळा काढला की पांढऱ्याचा नुसता ठिगळ. एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) किती कमी-जास्त करायचं याचा काही ठरलेला आकडा आहे का?

उत्तर : ठरलेला आकडा सांगणारे खूप भेटतील. ‘काळ्याला उणे एक, पांढऱ्याला अधिक एक.’ हे तेव्हाच खरं, जेव्हा तो पक्षी चौकट भरून बसलेला असतो. कॅमेऱ्याचा मीटर समोरच्या उजेडाची सरासरी मधल्या करड्यावर आणतो. चौकटभर कावळा असेल तर मीटरला वाटतं अंधार आहे, आणि तो फोटो उजळतो. म्हणून करडा कावळा. पण तोच कावळा उजळ आभाळापुढे तारेवर बसला असेल तर मीटर आभाळाला घाबरून फोटो काळोखा करतो आणि कावळ्याची नुसती आकृती उरते. तिथे उणे एक केलंत तर संपलंच. बगळ्याचंही तेच. सावलीतल्या काळ्या पाण्यावर उभा असेल, तर मीटर पाणी बघून उजळतो आणि बगळा जळतो, म्हणजे नुसता पांढरा डाग उरतो; तिथे अधिक नाही, उणे हवं. मीटरला चौकटीत काय जास्त दिसतंय ते बघा, आकडा त्यावरून ठरवा.

पांढऱ्याच्या बाबतीत मी कडक आहे. जळलेल्या पांढऱ्यात काही माहितीच नसते, त्यामुळे नंतर काही परत आणता येत नाही. जळणारा भाग लुकलुकून दाखवायची सोय कॅमेऱ्यात असते, ती चालू ठेवा, आणि बगळ्याची छाती लुकलुकली की लगेच एक्स्पोजर खाली आणा.

काळ्यासाठी अमेरिकन छायाचित्रकार अँसेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास बसवलेली झोन पद्धत अजून उपयोगी पडते. निव्वळ काळ्यापासून निव्वळ पांढऱ्यापर्यंत शून्य ते दहा अशा पायऱ्या, मधला करडा पाचवर. ज्या काळोखात पोत नीट दिसायला हवा तो तीनवर ठेवायचा, ज्या पांढऱ्यात पोत हवा तो सातच्या आसपास. कावळ्याची पाठ तीनवर आणि बगळ्याचे पंख सातवर, एवढं लक्षात ठेवलंत तरी खूप झालं.

आणि कावळा एकदा जवळून बघाच. घरकावळ्याची मान आणि छाती राखाडी असते, बाकीचं अंग काळं. त्या काळ्यावरही ऊन बाजूने आलं की निळी-जांभळी झाक येते. चोचीच्या मुळाशी केसांसारखी बारीक, ताठ पिसं असतात, ती नाकपुड्यांवर पुढे झुकलेली. पंखावर प्रत्येक पिसाची कड उजळते आणि मधला भाग काळा राहतो. रूपांतर करताना निळा आणि जांभळा स्लायडर थोडा वर घेतलात की फक्त ही झाक उजळते, काळा काळाच राहतो. अंगणात रोज येणाऱ्या पक्ष्यात एवढ्या छटा असतात हे रंगीत फोटोत सहसा ध्यानात येत नाही. मी शिकणाऱ्यांना पहिला विषय कावळाच देते. वाघाच्या मागे लागलेल्यांचे चेहरे तेव्हा बघण्यासारखे होतात.

प्रश्न : राग मानू नका, पण हे काळंपांढरं मला ढोंग वाटतं. निसर्ग रंगीत आहे, कॅमेरे रंगीत आहेत. पूर्वी नाइलाज होता म्हणून लोक तसे फोटो काढत. आज रंग पुसून टाकणं म्हणजे ‘बघा, मी कलावंत’ असं मिरवणं नाही का?

उत्तर : राग कसला? तुमचं निम्मं म्हणणं मला मान्य आहे. रोज असे फोटो माझ्यापुढे येतात, ज्यात ढगाळ दुपारी काढलेला मरगळलेला प्राणी आहे, रंग फिके आले म्हणून ते काढून टाकले आहेत, आणि वर कॉन्ट्रास्ट चढवून त्याला ‘मूड’ असं नाव दिलंय. फिका उजेड रंग काढल्याने दाट होत नाही.

नाइलाजाचंही खरं आहे. अमेरिकेच्या जॉर्ज शिरासने होडीतून, रात्री, मॅग्नेशियमच्या भुकटीचा भडका उडवून हरणांचे फोटो काढले आणि जुलै १९०६ मध्ये नॅशनल जिऑग्राफिकने त्यातले ७४ छापले. त्याला रंगाचा पर्याय व्यवहारात नव्हताच. आपल्याकडे वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी १९२० च्या दशकात जंगलातल्या वाटेवर तार लावून वाघांना स्वतःचेच फोटो काढायला लावले, तेही तसेच.

पण मद्रासच्या एम. कृष्णन यांना काय म्हणाल? स्टेट्समन या इंग्रजी दैनिकात १९५० पासून १९९६ साली जाईपर्यंत निसर्गावर लिहीत राहिले. रंगीत फिल्म सहज मिळत होती, तरी माणूस काळ्यापांढऱ्यालाच चिकटून राहिला, वेगवेगळे भाग जोडून स्वतः तयार केलेल्या कॅमेऱ्याने. त्यांच्या फोटोंत मिरवणं औषधालाही नाही. हत्ती काय करतोय, कळपात कोण कुठे उभं आहे, ते सरळ दिसतं. ब्राझीलचे छायाचित्रकार सेबास्तियाव सालगादो यांनी २००४ मध्ये गालापागोस बेटांवर समुद्री इग्वानाचा पुढचा पंजा काढला. फक्त पंजा. खवला न् खवला त्यात मोजता येतो. रंग असता तर आपण ‘इग्वाना’ म्हणून पुढे गेलो असतो. इथे त्या पायाकडे बघत बसावं लागतं.

तेव्हा माझा निवाडा असा. रंग हीच जिथे बातमी आहे तिथे तो पुसू नका. खंड्या, विषारी बेडूक, विणीच्या दिवसांतला पक्षी, मोराचा पिसारा, हे सगळे रंगीत राहू देत. प्रजाती ओळखण्यासाठी नोंद करायची असेल तर रंगीतच हवं, तिथे कलेचा विषयच नाही. हत्ती, गेंडा, झेब्रा, मगर, म्हातारं माकड, पावसात भिजलेला रेडा यांच्या अंगावर वाचायला पोत आहे. त्यांना काळंपांढरं मानवतं.

प्रश्न : फक्त काळेपांढरे फोटो काढणारे डिजिटल कॅमेरे मिळतात असं वाचलं. वन्यजीवांसाठी घ्यावा का?

उत्तर : बहुतेकांनी घेऊ नये. कारण सांगते.

साध्या कॅमेऱ्याच्या सेन्सरवर (उजेड टिपणाऱ्या पट्टीवर) लाल-हिरव्या-निळ्या फिल्टरांची बारीक जाळी असते. कोडॅकच्या ब्राइस बायर यांनी तिचं पेटंट १९७६ साली मिळवलं, म्हणून ती बायर जाळी. निम्मे ठिपके हिरवे, पाव लाल, पाव निळे. ही जाळी बराच उजेड अडवते, आणि प्रत्येक ठिपक्याचे उरलेले दोन रंग शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरावे लागतात. लायकाने २०१२ मध्ये एम मोनोक्रोम काढला त्यात ही जाळीच नाही. उजेड जास्त मिळतो, बारकावे जास्त स्पष्ट येतात, उंच आयएसओवरही (कमी उजेडासाठी सेन्सरची संवेदनशीलता वाढवली तरी) फोटो स्वच्छ राहतो. संधिप्रकाशात काम करणाऱ्याला मोह पडावा असंच आहे.

पण मग वाघाच्या उत्तरात सांगितलेले स्लायडर विसरा. रंगच नोंदले गेले नाहीत तर नारिंगी उजळणार कशाने? त्यासाठी फिल्मच्या काळाप्रमाणे लेन्सपुढे पिवळा, नारिंगी किंवा लाल फिल्टर लावायचा, आणि तोही फोटो काढायच्या आधी ठरवून. गडद लाल फिल्टर सुमारे तीन स्टॉप उजेड खातो (दर स्टॉपला उजेड निम्मा होतो). जाळी काढून जे कमावलं ते तिथे गेलं, वर उसनवारी झाली. शिवाय लायका एमच्या रेंजफाइंडरवर, म्हणजे लेन्समधून न बघता बाजूच्या खिडकीतून बघायच्या रचनेवर, लांब लेन्सचं काम जमत नाही. पेंटॅक्सने २०२३ मध्ये के-३ मार्क थ्रीची मोनोक्रोम आवृत्ती आणली, तिला लांब लेन्स लावता येते, तेव्हा घ्यायचाच हट्ट असेल तर ती बघा. आधी आहे त्या कॅमेऱ्यावर वर्षभर रंग न बघता काम करा. त्यानंतरही तो हवासा वाटला तर मला पुन्हा लिहा, तेव्हा मी कमी हुज्जत घालीन.

प्रश्न : मी अकरावीत आहे. माझ्याकडे मोबाइल आणि दादाचा जुना कॅमेरा आहे, त्याला छोटी लेन्स. मोठ्या लेन्सशिवाय वन्यजीवांचे फोटो निघतच नाहीत असं सगळे म्हणतात. मी काय करू?

उत्तर : सगळ्यांना म्हणू दे. ब्रिटिश छायाचित्रकार निक ब्रँटने पूर्व आफ्रिकेत हत्ती, सिंह, जिराफ काढले ते टेलिफोटो लेन्स न लावता, मध्यम आकाराच्या फिल्मवर. प्राणी चौकटीत भरायचा त्याला नव्हताच. त्याला आभाळ, माळ आणि त्यात उभा असलेला प्राणी असं एकत्र हवं होतं. हे वाचून कुठल्या हत्तीजवळ चालत जाऊ नकोस हं! लांब राहा, आणि प्राणी चौकटीत छोटाच येऊ दे. छोटा प्राणी शोधायला सोपा जावा म्हणून त्याच्यामागे मोकळी, एकसारखी जागा ठेव : आभाळ, पाणी, धुकं, उजळ भिंत. माळावरची टिटवी, तारेवरचे कोतवाल, संध्याकाळी बाहेर पडणाऱ्या वटवाघळांची रांग, हे सगळं छोट्या लेन्सचंच काम आहे.

मोबाइल घेऊन जमिनीवर उतर. कोळ्याचं जाळं, त्याच्यावर दव, मागे सावलीतला कोपरा. भिंतीवरची पाल आणि तिची तिच्याहून मोठी सावली. मुंग्यांची रांग कललेल्या उन्हात, जेव्हा प्रत्येक मुंगीला लांब सावली फुटते. पडदा दाबून फोकस पक्का कर आणि उजेडाची खूण खाली ओढ. मोबाइल सगळं उजळ करायला धावतो, त्याला आवर घालावा लागतो.

आणि लपायची कला शीक, ती फुकट आहे. रिचर्ड आणि चेरी किअर्टन या इंग्रज भावांनी पक्ष्यांचे फोटो काढायला बैलाच्या कातड्याचा पोकळ बैल तयार केला होता. एक भाऊ कॅमेऱ्यासकट त्या बैलात! तुला झुडुपामागे निश्चल बसणं पुरेल. घरट्याजवळ मात्र जाऊ नकोस. पाखरू घरटं सोडून गेलं तर कुठलाही फोटो त्याची भरपाई करत नाही.

प्रश्न : आयएसओ १२,८०० वर काढलेला बिबट्या खूप दाणेदार आलाय. काळापांढरा केल्याने वाचेल?

उत्तर : थोडासा. लाल-हिरवे ठिपके जातील, उजेडातली खरखर राहील, आणि ती फिल्मच्या दाण्यासारखी खपून जाते. फोकस चुकला असेल तर मात्र काही वाचणार नाही. तुमचा नाकावर आहे, डोळ्यावर नाही.

प्रश्न : पडद्यावर अप्रतिम दिसणारा गेंड्याचा फोटो छापून आणला तर काळोखा, सपाट आणि किंचित हिरवट आला. छापणारा म्हणतो फाइल खराब आहे.

उत्तर : तीन तक्रारी आहेत, तिघींची कारणं वेगळी.

काळोखा, कारण तुमचा पडदा बहुधा फार उजळ ठेवलेला आहे. पडदा स्वतः प्रकाश टाकतो, कागद दुसऱ्याचा प्रकाश परतवतो. पडद्याची चमक उतरवा आणि पांढरा कागद शेजारी धरून दोन्हीतला पांढरा जुळवा. मग त्या पडद्यावर फोटो पुन्हा दुरुस्त करा.

सपाट, कारण बहुधा मॅट कागद निवडला. मॅटवर काळा तितका खोल उतरत नाही. गेंड्याच्या पोटाखालची सावली आणि पायाच्या घड्या यांत जो फरक पडद्यावर दिसत होता तो तिथे एकमेकांत मिसळला. बरायटा कागद मागून बघा. त्यावर बेरियम सल्फेटचा थर असतो, काळा खोल येतो आणि चकाकीही डोळ्यात खुपत नाही. मॅटच हवा असेल तर छापण्याआधी घड्यांचा काळा थोडा उचला. डार्करूममध्ये आम्ही एन्लार्जरखाली (निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राखाली) तारेला लावलेली पुठ्ठ्याची टिकली हलवत सावली वाचवायचो. आता तेच काम डॉजच्या, म्हणजे तेवढाच भाग उजळणाऱ्या, ब्रशने होतं. ब्रशचा जोर अगदी कमी ठेवून, पुन्हापुन्हा, एकेका घडीवरून फिरवा. एका फटक्यात केलंत तर गेंडा प्लास्टिकचा दिसेल.

हिरवट, कारण छापणाऱ्याने करडा रंग रंगीत शायांच्या मिश्रणातून काढला. ते मिश्रण जरा इकडेतिकडे झालं की हिरवी किंवा किरमिजी झाक येते, आणि खिडकीच्या उजेडात वेगळी, ट्यूबलाइटखाली वेगळी दिसते. त्याला विचारा, यंत्रात काळ्याबरोबर वेगळ्या करड्या शाया आहेत का आणि कृष्णधवलसाठीची सेटिंग वापरली का. नसतील तर दुसरा छापणारा शोधा. असतील, तर आधी तळहाताएवढा नमुना काढून घ्या, ज्यात गेंड्याचं शिंग, डोळा आणि पोटाखालची सावली तिन्ही येतील, आणि फोटो जिथे टांगणार आहात त्याच भिंतीवर, तिथल्याच दिव्याखाली तो तपासा.